पावतीवाले नानासाहेब

परदेशातून आलेली नवी वस्तू लोक ज्या कौतुकाने पाहुण्यांसमोर ठेवतात, त्या कौतुकावर विरजण घालण्यासाठीच विधात्याने काही माणसे खास घडविलेली असतात, आणि तशी एखादी असामी वाचकांच्या परिचयात असणारच. आमच्या वाट्याला आलेल्या असामीचे नाव नानासाहेब. चार-पाच वर्षांपूर्वी शेजारच्या एका सद्गृहस्थांकडे सत्यनारायणाच्या तीर्थप्रसादासाठी मंडळी जमली असता, न्यू जर्सीहून आलेल्या त्यांच्या चिरंजीवांनी वडिलांसाठी आणलेला कॅमेरा हातोहात फिरत आणि वाहवा मिळवीत अखेर नानासाहेबांपाशी येऊन थांबला. त्यांनी भिंगातून पाहिले नाही, कळ दाबली नाही, कॅमेरा उलटा केला, चष्मा कपाळावर चढवून तळाचा क्रमांक वाचला आणि यजमानांकडे वळून विचारले, “पावती आहे ना?”

“आहे की काका,” चिरंजीव म्हणाले, “दुकानाची आहे.”

“दुकानाची नव्हे रे बाळा, सरकारची. किंमत किती? एक लाख तीस हजार? त्यातून पन्नास हजारांची सवलत वजा जाता राहिले ऐंशी. ऐंशीवर पस्तीस टक्के सीमाशुल्क, त्या शुल्कावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे एकूण साडेअडतीस टक्के. तीस हजार आठशे झाले. भरलेत ना?”

यजमानांना त्याच क्षणी आठवण झाली की शिरा निवत चालला आहे. पण ‘भरलेत ना?’ हा प्रश्न प्रसादाच्या द्रोणातून घरोघरी गेला, आणि त्या कॅमेऱ्याने काढलेले एकही छायाचित्र त्यानंतर आमच्या पाहण्यात आले नाही.

नानासाहेबांची कन्या अमेरिकेत असते, त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी त्यांचे तिकडे जाणे होते, आणि परतीच्या वेळी सहारच्या विमानतळावर जो सोहळा होतो त्यासाठीच ते जातात अशी आमच्यात वदंता आहे. सामान पट्ट्यावरून उचलून झाल्यावर अवघे विमान चेहऱ्यावर सात्त्विक भाव धारण करून ‘शुल्कपात्र काही नाही’ म्हणणाऱ्यांच्या हिरव्या मार्गाकडे सरकू लागते. ज्यांची खोकी कन्येच्या वा पुत्राच्या घरच्या कचऱ्यात गेलेली आहेत, ज्यांनी नवे घड्याळ मुद्दाम मनगटावर बांधून जुने खिशात टाकले आहे, आणि नव्या दूरध्वनीला जुने फाटके कवच चढविले आहे, अशा त्या सज्जनांच्या लोंढ्यातून एकटे नानासाहेब उलट दिशेने ढकलगाडी रेटीत शुल्क भरणाऱ्यांच्या लाल मार्गाकडे निघतात. रात्रीचे दोन वाजलेले असतात, अधिकारी पेंगुळलेला असतो, आणि त्याच्यासमोर टंकलिखित तक्ता तीन प्रतींत ठेवला जातो: जिन्नस, खरेदीची तारीख, डॉलरमधील किंमत, रुपयांतील किंमत, अर्जदाराच्या मते देय शुल्क. “काका, राहू द्या, जा तुम्ही,” असे त्या बिचाऱ्याने एकदा म्हणून पाहिले, तेव्हा सीमाशुल्क अधिनियम, १९६२, याच्या ७७व्या कलमान्वये सामानातील मालाचे कथन करणे हे प्रवाशाचे कर्तव्य आहे, सबब ते ऐकून घेणे हे ओघानेच अधिकाऱ्याचे कर्तव्य ठरते, असे त्यांनी त्याला समजावून सांगितले. अधिकाऱ्याने निरुपायाने आकडेमोड केली, तर आयातीसाठी डॉलरचा जो दर अधिसूचित होतो तो नुकताच बदललेला असून हिशेब जुन्या दराने झाला आहे, ही हरकत नानासाहेबांनीच काढली. परिणामी त्यांना थोडे अधिकच भरावे लागले, आणि ते अधिक भरताना त्यांच्या मुद्रेवर जे समाधान विलसत होते ते पाहून, त्यांच्या सौभाग्यवती काकूंच्या सांगण्यानुसार, तो अधिकारी खुर्चीवरून उठून उभा राहिला.

काकू या सर्व प्रकारात ढकलगाडीला टेकून उभ्या असतात. “या सामानाची अर्धी किंमत माझ्या नावावर दाखवा, मग काहीच भरावे लागणार नाही,” ही व्यवहारी सूचना त्यांनी एकदा केली होती. पण एका प्रवाशाची सवलत दुसऱ्याच्या सवलतीत मिळविता येत नाही असा नियमच असल्याने, सप्तपदीने दोन आयुष्ये जोडली जातात, दोन सवलती नव्हेत, असा निर्वाळा त्यांना तिथल्या तिथे मिळाला. अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काविना आणता येतो, ही तरतूद मात्र नानासाहेबांच्या मनाला लागून राहिली आहे. जावयाने दिलेला लॅपटॉप ते वापरतात खरे, पण त्याची पावती नाही, याचा सल त्यांच्या बोलण्यातून लपत नाही.

आप्तस्वकीयांनाही त्यांच्या हातून सुटका नाही. २०१३ च्या ऑगस्टपर्यंत बँकॉकहून वा दुबईहून सपाट पडद्याचा दूरदर्शन संच सवलतीत बसवून आणण्याची रीत सुखवस्तू घरांत रूढ होती. रुपया घसरू लागल्यावर सरकारने त्या महिन्याच्या २६ तारखेपासून ती सवलत काढून घेतली, आणि नानासाहेबांचे धाकटे मेहुणे नेमके त्यानंतर संच घेऊन उतरले. नाक्यावर अडल्यावर त्यांनी मोठ्या आशेने भावोजींना दूरध्वनी लावून यंत्र अधिकाऱ्याच्या हाती दिले. अधिकारी तोवर नुसते पस्तीस टक्के म्हणत होता. शिक्षणाच्या उपकरासह तो आकडा ३६.०५ होतो, ही आठवण त्याला पुण्याहून करून देण्यात आली. त्या संचावर मेहुण्यांनी पुढे क्रिकेटचे कित्येक सामने पाहिले, पण पाहण्यासाठी भावोजींना एकदाही बोलावले नाही.

बहिणीची गत याहून वेगळी नाही. २०१९ च्या डिसेंबरात सरकारने परदेशातून टपालाने वा कुरिअरने भेटवस्तू म्हणून येणाऱ्या मालाची वाट बंद केली, आणि अपवाद ठेवले ते जीवरक्षक औषधांचे आणि राखीचे. राखीबरोबरची भेट त्या अपवादात येत नाही. पुढच्या श्रावणात ह्यूस्टनच्या भगिनीने राखीच्या पाकिटात कानात घालावयाची बिनतारी बोंडे हळूच सरकविली, तेव्हा नानासाहेबांनी राखी बांधून घेतली आणि बोंडांवरील शुल्क कोठे भरावे अशी लेखी पृच्छा संबंधित कार्यालयाकडे केली. उत्तर अद्याप आलेले नाही. बोंडे कपाटात मोहोरबंद आहेत.

वाद घालावयास जावे तर माणूस इतिहासात शिरतो. कौटिल्याने नगरद्वारापाशी शुल्कशाळा उभारून विवाहाच्या व यज्ञाच्या सामानाला माफी दिली, पण भीतीने किंमत कमी सांगणाऱ्याला दंड ठेवला; शिवाजी महाराजांनी १६७१ साली कुडाळच्या सुभ्यावरील नरहरी आनंदरावांना लिहून पोर्तुगीजांच्या बारदेशातील मिठावर जबर जकात बसविली, कारण ते स्वस्त मीठ येत राहिले तर आपल्या मुलखातील मिठाची विक्री बुडाली असती; आणि इतके सांगून झाल्यावर नानासाहेब समोरच्याच्या मनगटावरील घड्याळाकडे अशा नजरेने पाहतात, की ते बारदेशच्या मिठागरातूनच आले असावे.

हे सारे लिहिताना एक गोष्ट सांगितल्याखेरीज सुटका नाही, आणि ती मी काहीशा नाखुशीनेच सांगतो. नानासाहेबांची उभी नोकरी एका महापालिकेच्या जकात नाक्यावर गेली. मुलगा नाक्यावर आहे एवढे ऐकताच काकूंच्या तीर्थरूपांनी पगाराची चौकशीही केली नव्हती. त्या खात्यात पगाराची चौकशी करणे हा मुलाचा अपमान समजला जाई. लग्नानंतर जावई दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात वर्षानुवर्षे राहतो, सणाला बोनसची वाट पाहतो आणि सायकलवर कामाला जातो, हे पाहून सासुरवाडीचा झालेला हिरमोड त्या घरात अजून बोलून दाखविला जातो. बरोबरीच्यांचे बंगले उठले. हे मात्र रात्रपाळीत ट्रकमागून ट्रक थांबवून बीजक पडताळीत, शुल्क घेत आणि पावती फाडीत राहिले, म्हणून वरिष्ठांनी त्यांची बदली जेथे ट्रकच फारसे येत नाहीत अशा रस्त्यावर केली. आणि एवढे करूनही त्यांच्यावर विश्वास कोणी ठेवला नाही. नातलगांत आजतागायत समज असा, की माणूस बिलंदर आहे, पैसा कोठे तरी दडवून ठेवला आहे. आता तर नाकेही उरले नाहीत. मुंबईची जकातसुद्धा १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होताच इतिहासजमा झाली.

त्यांनी स्वतः भरलेल्या शुल्काच्या पावत्यांचे दप्तर एकदा मी पाहिले आहे. लाल खारव्याच्या रुमालात तारीखवार लावलेल्या पावत्या. यंत्रावर छापलेल्या कागदाची शाई दोन वर्षांत उडते म्हणून प्रत्येकीमागे छायाप्रत जोडलेली, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘रुजू’ असा शेरा, खाली स्वतःचीच सही. आयुष्यभर दुसऱ्यांना पावत्या दिलेल्या या गृहस्थाने म्हातारपणी स्वतःच्या नावाच्या पावत्या जमविल्या आहेत, आणि त्या आपणहून कोणी पाहावयास मागत नाही, म्हणूनच बहुधा तो इतरांच्या मागत हिंडतो.

त्यांचा उपद्रव मी माफ केलेला नाही. पण आमच्या बैठकीत देशातील भ्रष्टाचारावर तावातावाने बोलणाऱ्या मंडळींची मनगटे, खिसे आणि दिवाणखाने मी आता पाहू लागलो आहे. त्यांतील बहुतेक ऐवज हिरव्या मार्गाने आलेला आहे, आणि तो कसा आणला याची कथा वस्तूपेक्षा अधिक अभिमानाने सांगितली जाते. सरकारच्या तिजोरीपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत जाऊन पैसे भरणारा मनुष्य आमच्या सगळ्या गोतावळ्यात एकच आहे, आणि विक्षिप्त हे विशेषण आम्ही एकमताने त्यालाच बहाल केले आहे. वाचकहो, परदेशातून काही आणणार असाल तर बिल जवळ ठेवा आणि लाल मार्गाने जा. तेथे रांग नसते.