उभ्याने, तेही पैसे देऊन

नोकरी संपली तेव्हा मी एकच संकल्प केला होता, की यापुढे प्रवास बसून करायचा. चर्चगेट-विरार लोकलने माझ्या गुडघ्यांचं जे करायचं ते करून ठेवलं आहे. पण संकल्पाच्या आड नेहमी घरचंच माणूस येतं.

2022 मध्ये ऑर्लँडोच्या सीवर्ल्डने ‘पाइपलाइन’ नावाचा नवा रोलर कोस्टर जाहीर केला आणि फ्लोरिडातली माझी नात उंच व्हायच्या मागे लागली. राइडला अट 54 इंच उंचीची. व्हिडिओ कॉलवर ‘आजोबा, कसे आहात?’ बंद झालं आणि ‘आजोबा, ओळखा मी आता किती?’ सुरू झालं. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा चढू लागल्या. घर भाड्याचं, त्यामुळे प्रत्येक नव्या रेघेनिशी नात उजळायची आणि जावयाला डिपॉझिट आठवायचं. सौ.ने विरारहून फोनवर तिला ताडासन शिकवलं.

मी वाचत बसलो. भित्र्या माणसाइतकी बारीक माहिती कोणी काढत नाही. हा जगातला पहिला सर्फ कोस्टर. समुद्राच्या लाटेवर फळी घेऊन घसरणाऱ्याला जे सुख होतं, ते आपल्याला व्हावं म्हणून माणसाला फळीवर उभं करून बांधतात. ज्याला बांधतात तेही तुमच्याबरोबर वरखाली होतं, म्हणजे पाय जमिनीवर राहतील याची कोणी हमी देत नाही. उंची 110 फूट, वेग ताशी 60 मैल. वर एक गिरकी अशी, की उलटंही व्हायचं. बनवणारे स्वित्झर्लंडचे बोलिगर अँड माबिलार. आपल्या खोपोलीच्या इमॅजिकातला ‘नायट्रो’ही त्यांचाच. पण नायट्रोत निदान बसायला मिळतं.

सगळ्यात वाईट पुढेच होतं. जुन्या कोस्टरची साखळी गाडीला कटकट करत चढावर नेते. तेवढ्यात अर्धी रामरक्षा तरी होते. इथे साखळीच नाही. विजेचे चुंबक गाडी एकदम फेकतात. ‘श्रीगणेशाय नमः’ एवढं म्हणेपर्यंत माणूस आडवा किंवा उलटा.

‘पाण्याची राइड आहे, रेनकोट घ्या,’ सौ. म्हणाली.

‘अगं, लाट पोलादाची आहे.’

‘समुद्राचं नाव आहे ना? मग पाणी असणारच.’

बॅगेत सगळ्यांचे रेनकोट आले, प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या आणि एक जास्तीचा टॉवेल आला.

राइड 27 मे 2023 ला सुरू झाली, आम्ही जूनमध्ये पोहोचलो. सकाळी ऊन असं, की पार्किंगमध्ये जावयाने रेनकोट गाडीतच ठेवले. डॉल्फिन पाहिले. पेंग्विन पाहिले, ते गारव्यात होते आणि मजेत होते. मग उंची मोजायची काठी आली.

सौ.ने सकाळी नातीच्या डोक्यावर उंच अंबाडा बांधून दिला होता. काठीपाशी उभ्या असलेल्या मुलीने हसत हसत तो बोटाने दाबला. अंबाडा खाली गेला, नात श्वास रोखून वर गेली. मुलीने अंगठा दाखवला. नातीची किंकाळी बहुधा पेंग्विनांनीही ऐकली असेल.

आणि ढग गडगडला.

याबाबत फ्लोरिडाला तोड नाही. उन्हाळ्यात एकीकडून अटलांटिकचा वारा येतो, दुसरीकडून आखाताचा. दुपारी दोघे द्वीपकल्पाच्या मध्यावर एकमेकांना भिडतात आणि तिथेच नेमकं ऑर्लँडो आहे. अमेरिकेतल्या सगळ्यात विजाळ राज्यांत फ्लोरिडाचा नंबर वरचा. विजेच्या कडकडाटात पोलादाच्या रुळावर माणसं फेकायची नाहीत, हा नियम मला फार आवडला. राइड थांबली. मी मनातल्या मनात वरुणाला नारळ बोलून टाकला.

मग पाऊस आला. मुंबईचा पाऊस आधी वर्दी देतो. हा थेट वरून ओतला. आडोशाला पोहोचेपर्यंत आम्ही निथळत होतो. मोजे ओले, पासपोर्टची झेरॉक्स ओली, ज्या टॉवेलने पुसायचं तोही पहिल्यांदा पिळावा लागला. रेनकोट गाडीत कोरडे ठणठणीत. ‘पाणी नव्हतं ना?’ सौ. म्हणाली, आणि मग बराच वेळ ती जावयाशी एक शब्द बोलली नाही. जावई पार्किंगच्या दिशेने बघत राहिला.

नात रडेल म्हणून मी तयारीत होतो. ती रडली नाही. माझा हात धरून उभी राहिली.

‘आजोबा, तुमचा हात गार पडलाय.’

‘पावसाने.’

‘पावसाआधीपासून.’ ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘तुम्ही नाही आलात तरी चालेल. मी आजीबरोबर जाते. तुम्ही खालून हात हलवा.’

एवढे महिने दारावर रेघा ओढून वाट पाहिलेली पोर, आणि तीच मला सोडवत होती. घशात काहीतरी अडकलं, आणि पुढचं वाक्य माझ्या परवानगीशिवाय बाहेर पडलं, ‘खालून कशाला? विरार फास्टला दारात उभा राहिलेला माणूस आहे मी.’

‘प्रॉमिस?’

‘प्रॉमिस.’

वरुणाला हे ऐकू गेलं असावं. ढग विरळ झाले, ऊन पडलं आणि राइड पुन्हा सुरू झाल्याची घोषणा झाली. रांग हलली. सौ.ने माझ्या नाकावरचा चष्मा काढून लेकीच्या पर्समध्ये टाकला, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, आणि हात पुढे केला.

‘अहो, कवळीपण द्या.’