नेमकाकांचं मस्टर

नेम धरायचा तर नृसिंहवाडीइतकी सोयीची जागा नाही. कृष्णा-पंचगंगेचा संगम आहे, औदुंबर आहे, मनोहर पादुका आहेत, आणि घाटाकडे जाताना नारळापासून कवठाच्या बर्फीपर्यंत सगळं वाटेत मिळतं. पौर्णिमेला सांगली, इचलकरंजी, बेळगावकडची माणसं येतात, पादुकांपुढं काहीतरी सोडतात नाहीतर धरतात (तंबाखू सोडतात, गुरुवार धरतात) आणि पेढ्यांचा पुडा घेऊन आपापल्या गावी जातात. त्या नेमांचं पुढं काय झालं हे वाडीला कळत नाही, त्यामुळे पाहुण्यांबद्दल वाडीचं मत चांगलं आहे. पंचाईत होते ती इथंच राहून नेम धरणाऱ्यांची. पहाटे मोडलेला नेम दुपारच्या महापूजेपर्यंत सगळ्या गल्लीला ठाऊक झालेला असतो.

नेमकाका हे या मंडळींतले ज्येष्ठ. नाव अर्थात बारशाचं नाही, गल्लीनं ठेवलेलं. तसा हा प्राणी वाडीतच आढळतो असंही नाही. पुण्यात तो १ जानेवारीला जिमची वर्षाची फी भरतो; मुंबईत पळायचे महागडे बूट घेतो आणि ते घालून भाजी आणायला जातो. अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिननं तर १३ सद्गुणांची वही घातली होती. ज्या दिवशी जो गुण चुकला त्याच्यापुढं काळा ठिपका. त्यातला व्यवस्थितपणा काही आपल्याला जमला नाही, अशी कबुली त्यानं आत्मचरित्रात देऊन ठेवली आहे. हे सगळं मी काकांना रंगवून सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "वही आडवी होती का उभी?"

कारण काकांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात गेली. कोण किती वाजता गेटात शिरला, कोण कुणाच्या नावावर सही करून गेला, कुणाची किती रजा शिल्लक, हे त्यांच्या बोटांवर. दहा मिनिटं उशिरा येणाऱ्याला लाल शाई. भलेभले खातेप्रमुख त्यांच्या लाल पेनाला वचकून असत. निवृत्त होताना कारखान्यानं शाल, श्रीफळ आणि घड्याळ दिलं. लाल पेन काकांनी स्वतःहून आणलं. घरी आल्यावर लक्षात आलं की हजेरी घ्यायला समोर माणूस एकच उरलाय, आणि तो आपणच.

मग काकांनी स्वतःचं मस्टर घातलं. आडवे ३१ रकाने. उभ्या ओळीत कामगारांच्या नावांच्या जागी नेम: पहाटे उठणे, काकड आरती, प्रदक्षिणा ११, कुरुंदवाडपर्यंत चालणे, तंबाखू बंद, पेढा बंद, आणि शेवटी 'कारखान्याच्या आठवणी – रोज एक पान'. मस्टर आलं म्हणजे रजेचे नियम आले. 'पहाटे उठणे' याची किरकोळ रजा पहिल्याच आठवड्यात संपली. पुढं वैद्यकीय रजा लागली. सर्टिफिकेट काकांनीच काकांना दिलं. 'पेढा बंद' याला गुरुवार, शनिवार आणि पौर्णिमा अशा भरपगारी सुट्ट्या. आठवणी लिहिण्याचं काम पहिल्या पानावरच्या गणपतीच्या चित्रापाशी बिनपगारी रजेवर गेलं ते अजून रुजू झालेलं नाही.

पावसाळा आला तसा चालण्याला ऑफ-सीझन जाहीर झाला. कारखान्यातल्या हंगामी कामगाराला हंगाम नसतानाही थोडा रिटेन्शन अलाउन्स मिळतो. त्याच न्यायानं काका रोज संध्याकाळी चालायचे बूट घालून अर्धा तास ओट्यावर बसू लागले.

आणि हंगामात? घरात टेंबे स्वामींची तसबीर आहे. संन्यास घेतल्यावर त्यांनी साऱ्या देशभर पायी प्रवास केला. त्या तसबिरीला नमस्कार करून काका पंचगंगेचा पूल ओलांडून कुरुंदवाडला चालत जातात, तिथं ओळखीच्या दुकानात बसून चालण्याचे फायदे सांगतात आणि वडापनं परत येतात. मस्टरवर पूर्ण हजेरी. "जायचं ठरलं होतं," काका म्हणतात, "यायचं कुठं ठरलं होतं?"

काकांना आळशी म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. नेम सुरू करण्याची त्यांची उमेद बघण्यासारखी असते. कारखान्यात गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडते तेव्हा पूजा, नारळ, भाषणं, फोटो सगळं होतं. काकांच्या प्रत्येक नेमाची मोळी तेवढ्याच थाटात पडते. पेढेवाल्याला तर तारखा पाठ आहेत.

"काय ओ काका, आज कसली मोळी?"

"आजपासून साखर बंद."

"बेस झालं. किती बांधू?"

"अर्धा किलो. वाटायला."

मोळी पडते, टाळ्या होतात, पण गाळप झाल्याचं आजवर कुणी पाहिलेलं नाही.

तंबाखूचंच घ्या. पैलतीरावरच्या अमरापूरची गुरुचरित्रातली गोष्ट प्रसिद्ध आहे: गरीब ब्राह्मणाच्या घरी नृसिंहसरस्वती स्वामींनी घेवड्याची भाजी खाल्ली आणि जाताना दारचा घेवड्याचा वेलच उपटून टाकला. बायको रडायला लागली. पण नवरा मुळं काढायला गेला तर खाली धनाचा कुंभ. काकांनी यातून घ्यायचं ते घेतलं. उपटायचं ते मुळासकट, असं म्हणून त्यांनी घाटावर उभं राहून भरलेली चंची कृष्णेत भिरकावली. असं बऱ्याचदा झालं. काकांची तंबाखू काही सुटली नाही, कृष्णेला मात्र लागली असावी.

पूर्ण यश मिळालेला नेम एकच, आणि त्याबद्दल बोलायलाच हवं. चातुर्मासात काका वांगं खात नाहीत. आषाढी एकादशीला सोडतात ते चंपाषष्ठीला भरीत-रोडग्यानं पुन्हा धरतात. मस्टरवर ही ओळ भरगच्च, एक लाल खूण नाही. आता कृष्णाकाठच्या वांग्याची गंमत अशी की ते खरं चवीला येतं ते पूर ओसरून मळी मोकळी झाल्यावर, थंडीत. आषाढ-श्रावणात ती मळी नदीच्या पोटात असते. म्हणजे काका वांगं सोडतात तेव्हा वांग्यानंही काकांना सोडलेलं असतं. काकू एकदा म्हणाल्या, "खरा निग्रह बघायचा तर पौषात सोडा." काका म्हणाले, शास्त्रात तसं नाही.

पारायणाचंही तसंच. गुरुचरित्राच्या सप्ताहाला पाचव्या दिवशी तीनच अध्याय येतात, ३६ ते ३८, म्हणून नवखा माणूस खूश होतो. पण ३६वा अध्याय लांबलचक आहे, आणि त्यात ब्राह्ममुहूर्तावर उठण्यापासून दिवसभर कसं वागावं ते सविस्तर सांगितलंय. काकांना नेमकी तिथंच डुलकी लागते. उठायचं कसं हे सांगणाऱ्या ओव्यांवर मान टेकवून झोपलेले काका मी डोळ्यांनी पाहिले आहेत. जाग आल्यावर त्यांनी पोथीला नमस्कार केला आणि म्हणाले, "खुद्द महाराज वाडीत १२ वर्षं राहिले. आमचं काय आठवड्यात होणार?" काकांच्या सगळ्या मुदती अशाच ऐसपैस. २०१६च्या कन्यागत पर्वकाळात त्यांनी वजन उतरवायची मोळी टाकली, ती पुढच्या कन्यागतापर्यंतच्या बोलीवर. कन्यागत १२ वर्षांनी येतं, म्हणजे २०२८पर्यंत काका निर्धास्त.

मध्यंतरी पुण्याच्या भाच्यानं व्हॉट्सॲपवर पाठवलं की कुठलीही सवय २१ दिवसांत लागते. हा आकडा आला कुठून ते मजेशीर आहे. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जननं १९६० साली एका पुस्तकात लिहिलं की नाक बदललेल्या माणसाला नवा चेहरा अंगवळणी पडायला किमान २१ दिवस लागतात. पुढं तोंडोतोंडी 'किमान' गळालं, नाकही गळालं, आणि २१ दिवस तेवढे उरले. काकांनी २१ दिवसांचं वेगळं मस्टर आखलं. मग भाच्यानंच दुसरा निरोप पाठवला: लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर प्रयोग करून २००९मध्ये छापला, सवय पक्की व्हायला साधारण ६६ दिवस, कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. आकडा बघून काकांचा चेहरा पडला. पण खाली आणखी एक ओळ होती, की मधला एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही. काका खुलले. तो एखादा दिवस त्यांनी त्याच दिवशी घेतला, आणि दुसऱ्या दिवशीही तोच चालवला.

भाच्यानं फोन करून नीट समजावलं. "मामा, त्या लोकांनी नवी गोष्ट रोज ठरलेल्या एखाद्या गोष्टीला बांधली होती. न्याहारीनंतर लगेच, असं. आपल्याकडं रोज न चुकता काय होतं ते बघा."

काका विचारात पडले. "रोज न चुकता... आपल्या घरात असं काय आहे?"

आतून काकूंचा आवाज आला, "दूध."

त्यावर पुढं काही बोलणं झालं नाही.

काका असे का, याचं उत्तर मला दक्षिणद्वाराच्या एका रात्री मिळालं. पावसाळ्यात कृष्णा चढते, पाणी देवळात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, आणि त्या दाराशी स्नानाला झुंबड उडते. पाणी कुठल्या तासाला चढेल त्याचा नेम नसतो. त्या दिवशी मध्यरात्र उलटल्यावर बातमी आली. पहाटे पाचला न उठणारे काका अडीचला धोतर कसून दाराशी उभे. वर पाऊस, खाली छातीइतकी गर्दी, आणि काका साऱ्या गल्लीला हाका मारून उठवतायत, म्हाताऱ्यांचे हात धरून नेतायत. २०१९च्या महापुरात तर काका दिवसचे दिवस लोकांचं सामान वरच्या मजल्यांवर चढवत होते, आणि चंचीची आठवणही काढली नाही. पर्वकाळात काकांच्या तोडीचा माणूस सापडायचा नाही. दुर्दैव एवढंच की वर्षात पर्वकाळ मोजके आणि मंगळवार फार. मंगळवारी ना गर्दी, ना पूर, ना पौर्णिमा. नुसती सकाळ होते. तिच्यापुढं काका हात टेकतात.

काकूंचं असं काही नाही. पाचाच्या आधी त्या उठतात, सडा होतो, पातेलं दाराशी येतं. हा तुमचा नेम का, असं मी एकदा विचारलं. "कसला मेला नेम," काकू म्हणाल्या, "दूधवाला पाचला येतो."

अलीकडे एक भानगड झाली. काकूंच्या दुधाच्या हिशेबाला कॅलेंडरवर जागा पुरेना, म्हणून त्यांनी काकांचं कोरं पडलेलं मस्टर घेतलं आणि रोजचं दूध त्यात मांडलं. महिनाअखेर ते काकांच्या हाती पडलं. काका चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. मस्टर घेतल्याचं त्यांना काही वाटलं नाही. दुखावला तो टाइम ऑफिसातला माणूस.

"लिटर लिहिलेत. वेळ कुठाय?"

"कसली वेळ?"

"तो येतो किती वाजता? पाच म्हणजे पाचच कशावरून?"

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला काका ओट्यावर. हातात घड्याळ, खिशात लाल पेन. पाच वाजून चार मिनिटांनी सायकलची घंटा वाजली आणि कित्येक वर्षांनी लाल शाई कागदाला लागली. तेव्हापासून खाडा नाही. गुरुवार नाही, पौर्णिमा नाही, भर पावसात छत्री घेऊन. उठलेच आहेत तर काकड आरतीला जातात. गेलेच आहेत तर प्रदक्षिणा होतात. हाताला मस्टर असल्यामुळे तंबाखू मळायला हात मोकळा नसतो. दूधवाला काकूंकडं रडतो: "काकू, ह्यास्नी सांगा की जरा. तीन मिन्टाचा लेट मार्क लावत्यात."

परवा मी काकूंना म्हटलं, "काकांना सांगायला हवं. जे इतकी वर्षं जमत नव्हतं ते जमलंय, आणि त्यांना पत्ताच नाही."

काकूंनी आधी आत डोकावून बघितलं, मग आवाज खाली घेतला.

"गप बसा. कळलं तर उद्या मोळी टाकतील."