अध्यक्षसाहेब शाळेत आहेत

गावात सरपंच एकच, पण अध्यक्ष पुष्कळ: दूध सोसायटीचे, भजनी मंडळाचे, तंटामुक्तीचे. त्यांत रोज हजेरी लावणारे एकटेच, जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचे. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत असे ठरवले, आणि त्या कलम २१ने आमच्या गावच्या एका गृहस्थाच्या अंगात इस्त्रीचा शर्ट चढवला.

साहेब परिपाठालाच येतात. राष्ट्रगीताला सगळ्यांत ताठ तेच. मग व्हरांड्यात खुर्ची टाकून ते 'लक्ष ठेवतात'. कशावर, ते गुरुजींना अजून कळलेले नाही. विचारायचीही सोय नाही, कारण केंद्रप्रमुख आले की चहा आणि छत गळू लागले की पत्रे, दोन्ही अध्यक्षांच्याच घरून येतात.

पण त्यांचे खरे कार्यक्षेत्र खिचडी. मुलांना वाढण्याआधी चव घ्यायची आणि वहीत शेरा लिहायचा, अशी पद्धत आहे. एरवी शेरा एका शब्दाचा असतो, 'चांगली'. आमच्या वहीत समीक्षा आहे: 'मीठ बेताचे. हळद कालच्यापेक्षा बरी. परवा मी लग्नाला गेलो होतो, सबब परवाचे सांगता येत नाही.' प्राथमिकच्या मुलामागे शंभर ग्रॅम तांदूळ मंजूर. चवीला किती, याबद्दल साहेबांना कुणी परिपत्रक दाखवलेले नाही. स्वयंपाकीण मावशी हल्ली त्यांचे ताट वेगळेच धुऊन ठेवतात.

समितीत निम्म्या बाया हव्यात, तोही कायदाच. त्या खुरपणीला जाता जाता सभेला टेकतात. 'मागील इतिवृत्त वाचून कायम करणे' हा पहिला विषय अध्यक्षांना फार प्रिय, कारण इतिवृत्तात त्यांचेच भाषण असते. एकदा मधेच एक बाई म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या. पोरींच्या संडासाला कुलूप का?" पाणी नाही म्हणून कुलूप, हे साऱ्यांना ठाऊक होते, विषयपत्रिकेवर तेवढे नव्हते. अध्यक्ष नुसते खाकरले. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या विहिरीवरून पाईप टाकून दिला, आणि पंधरा ऑगस्टला "मी जास्त वेळ घेणार नाही" म्हणत तोच पाईप फूटफूट करून गावाला ऐकवला. मुले उन्हात, पण पाणी आजही चालू आहे.

यंदा मात्र पेच पडला. थोरला चौथी पास होऊन शाळेतून निघाला. शाळेत मूल नाही तर पालक नाही, पालक नाही तर खुर्ची नाही! धाकटीसाठी इंग्रजी शाळेची पिवळी गाडी ठरलेली, टायसुद्धा आणलेला. इकडे शाळेचा पट एकोणीस, आणि वीसच्या आतल्या शाळा एकत्र करायचे घाटते, हे २०२३पासून गाव ऐकून आहे. जूनमध्ये धाकटीचे नाव विसावे पडले. वहिनींनी घरात अबोला धरला. गुरुजींनी पेढे आणले.

"इंग्रजीचं काय?" अध्यक्षांनी पेढा उचलता उचलता विचारले.

"२००० सालापासून पहिलीलाच आहे की, साहेब."

"असं? मग उद्यापासून मी वर्गातच बसतो. बघू कसं शिकवता."