टाटांचा चहा, आमदारांची सीट

१९४८च्या जूनने आठवड्याच्या अंतराने दोन गाड्या सोडल्या. १ तारखेला पुण्याहून नगरला पहिली एसटी निघाली. बेडफर्ड, लाकडी बॉडी, काथ्याच्या सीटा. ८ तारखेला मुंबईहून 'मलबार प्रिन्सेस' हे विमान उडालं आणि कैरो, जिनिव्हा करत ३५ प्रवाशांना घेऊन लंडनला निघालं. आम्ही आष्टीकर दोन्हींत नव्हतो. नगर हाकेच्या अंतरावर, पण आष्टी निजामाच्या हद्दीत. काथ्या टोचून घ्यायलासुद्धा आधी निजाम जावा लागला.

त्या विमानसेवेची सुरुवातही काही गालिच्यावर झाली नव्हती. १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून जुहूला एका इंजिनाचं पुस मॉथ आणलं. आत २५ किलो टपाल. वाटेत अहमदाबादला पेट्रोल आलं ते बैलगाडीतून! खरं गिऱ्हाईक टपालच. एखादा हौशी प्रवासी घेतलाच, तर त्याने टपालाच्या पिशव्यांवर बूड टेकायचं. तरी पहिल्या वर्षात असे १५५ हौशी निघाले. पावसाळ्यात जुहूच्या मैदानात पाणी भरे, की सगळं बिऱ्हाड पुण्याला. पोत्यावर बसून प्रवास म्हणाल, तर आष्टी-नगर रस्त्यावर तो आम्हीही भरपूर केलाय. आमच्या पोत्यात पत्रं नव्हती, कांदे होते.

मग सोळा वर्षांत त्या पिशवीची मऊ खुर्ची झाली कशी? पैसा आला, मोठी विमानं आली, हे खरंच. पण त्याहून मोठी अडचण अशी की मालक स्वतः त्याच विमानात बसायचा. पडदे बघायचा, जेवण चाखायचा आणि उतरल्यावर कागद काळे करायचा. जिनिव्हाहून चढवलेला चहा रंगावरून कॉफीच वाटतो, हे टाटांनी रीतसर लिहून कळवलं होतं. साहेब शेजारच्या खुर्चीत बसून घोट घेतोय म्हटल्यावर चहाला रंग बदलावाच लागतो.

आमच्याकडे २३ सप्टेंबर २०२२ला रेल्वे आली. आष्टी ते नगर, ६६ किलोमीटर. झेंडा दाखवणाऱ्यांना गाडी फार आवडली. आवडणारच, ते फलाटावर होते.

एसटीने मात्र साहेबांची सोय केलीय. खिडकीच्या वर रंगाने लिहिलंय : आमदार. स्वच्छ अक्षरात, राखीव. तिथे आमदार बसला, स्प्रिंग टोचली, उतरून त्याने डेपोला चार ओळी लिहिल्या, असं आष्टीत कुणी पाहिलेलं नाही. गाडी स्टँडात शिरते, खिडकीतून एक रुमाल येऊन त्या सीटवर पडतो आणि कंडक्टरही त्याला उठवत नाही.