पेट्रोल कुठून भरतात, सांगा!

हे गृहस्थ तुम्हाला ठाऊक आहेत. पुण्यात ते जुन्या लॅम्ब्रेटाशेजारी फडकं घेऊन उभे असतात, इथे मिशिगनमध्ये 1957 च्या शेवरलेट बेल एअरमागे घडीच्या खुर्चीत बसतात. आमच्या शेजारच्या या आजोबांना आम्ही घरात ‘सत्तावन्न’ म्हणतो. ओळख करून देताना त्यांनी आधी गाडीचं साल सांगितलं होतं. स्वतःचं नाव मागाहून कधीतरी.

मी आपलं सौजन्य म्हणून ‘छान आहे हो गाडी’ म्हणालो, तर डोळे बारीक करून म्हणाले, “पेट्रोल कुठून भरतात, सांग.”

मी मोटारींच्याच धंद्यातला इंजिनियर. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, नंबर प्लेटच्या मागे बोट घालून पाहिलं. झाकण कुठेच नाही. मला पुरेसं फिरवून झाल्यावर आजोबा गाडीच्या डाव्या पंखापाशी गेले. या गाडीला मागे दोन उंच पंख आहेत, त्यातला डावा. त्याच्या टोकाची क्रोमची उभी पट्टी त्यांनी बोटानं ओढली. पट्टी बिजागरीवर अलगद फिरली आणि आत टाकीचं झाकण! पट्टी पुन्हा बसवून त्यांनी तिच्यावरचा स्वतःच्याच बोटाचा ठसा पुसला.

ऑगस्टात फ्लिंट गावी, विटांनी बांधलेल्या सॅगिनॉ स्ट्रीटवर, ‘बॅक टू द ब्रिक्स’ नावाचा कार शो भरतो. आजोबा मला तिथे नेतात. ‘येतोस का’ असं विचारत नाहीत, नेतात. रांगेत मस्टँग असतात, 1959 ची कॅडिलॅक असते, जिच्या पंखांपुढे बेल एअरचे पंख म्हणजे नुसती सुरुवात. पिकअप ट्रकांचं बिऱ्हाड वेगळं. ज्या हौद्यातून एकेकाळी डुकरं बाजाराला गेली, त्याच्या फळ्यांना आज असं वॉर्निश मारलेलं असतं, की कुणी त्यात रुमाल टाकला तरी मालकाला घाम फुटावा. सगळ्यांची बॉनेटं उघडी, मालक मागे खुर्चीत, आणि प्रत्येकाची एक नजर आपल्या गाडीवर, दुसरी आइसक्रीम खाणाऱ्या पोरांवर.

आणि आमचे आजोबा प्रश्नावर. पोलिसाला विचारतात. हॉट डॉग विकणाऱ्याला, सुटे पैसे परत घेता घेता विचारतात. एका बाईंनी काकुळतीनं स्वच्छतागृह कुठे आहे म्हणून विचारलं, तर त्यांनाही आधी पेट्रोल शोधायला लावलं. एका पोरानं मोबाइलमध्ये पाहून पटकन उत्तर दिलं, तेव्हा आजोबांनी त्याच्या आईबापांकडे असं पाहिलं, जणू त्यांनी मुलाला घरफोडी शिकवली होती. माझी बायको तर हल्ली लांबूनच डावा हात हलवते आणि पुढे निघून जाते.

या प्रश्नाखालोखाल त्यांचा जीव कशात असेल, तर गंज नसण्यात. मिशिगनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं गाड्या खालून सडतात. पहिलं मीठ पडलं की आजोबांची गाडी गॅरेजमध्ये जाते, ती वसंतातल्या पावसानं रस्ते धुऊन निघेपर्यंत बाहेर येत नाही. गाडीखाली चक्क आरसा ठेवलेला असतो, लोकांनी वाकून खात्री करावी म्हणून. ‘गंज’ हा शब्द त्यांच्या खुर्चीच्या आसपास कुणी काढू नये.

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर गाडीच्या नंबराची पट्टी आहे. तीत 57 च्या पुढे ‘एफ’ आहे, म्हणजे फ्लिंट. गाडी इथेच जन्मली. हे मात्र ते आपण होऊन कुणाला सांगत नाहीत. स्वतः त्यांनी उमेदीची वर्षं घालवली ब्युइकच्या कारखान्यात. 1978 च्या सुमाराला जनरल मोटर्सची जवळजवळ 80,000 माणसं या गावात कामाला होती. ब्युइकचा तो कारखाना, ब्युइक सिटी, 1999 साली बंद झाला, मग पाडून सपाट केला.

दुपार कलली की त्यांचे लाइनवरचे जुने सोबती येतात. उत्तर प्रत्येकाला पाठ आहे. तरी दरवर्षी प्रत्येक जण डोकं खाजवत गाडीला प्रदक्षिणा घालतो, बंपरखाली वाकतो आणि ‘यंदाही नाही बुवा सापडत’ म्हणतो. गुडघे वाजतात, पण वाकतो. मग आजोबा पट्टी ओढतात आणि ही सगळी सत्तरी-ऐंशीची मंडळी ‘अरेच्चा’ म्हणतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं होतं, हा आजार संसर्गजन्य दिसतो.

यंदा त्यातले एक वॉकर घेऊन आले. त्यांचं शोधणं जरा लांबलं. बाकीचे आधी हसले, मग हसायचे थांबले. ते उजव्या पंखाची पट्टी परत परत चाचपत होते आणि ते नाटक नव्हतं.

आजोबा खुर्चीतून उठले. “अरे, तुझं बरोबर आहे,” म्हणाले, “पूर्वी त्याच बाजूला होतं. तिकडे सगळं गंजलं, म्हणून मी इकडे बसवून घेतलं.” आणि त्यांचा दंड धरून त्यांना डावीकडे आणलं.

‘गंजलं’ म्हटल्याबरोबर शेजारचा मस्टँगवाला खुर्ची सोडून धावतच आला. “गंज? कुठे गंज?”

“तू आधी सांग,” आजोबा त्याच्यावर खेकसले, “पेट्रोल कुठून भरतात?”