बिनदाराच्या गाडीला पाऊसबंद करण्याची शास्त्रोक्त रीत

दुसऱ्या महायुद्धातली जीप ही अमेरिकन लष्कराच्या दप्तरी जीप नव्हतीच. तिथे तिची नोंद ‘पाव टनी ट्रक, चार बाय चार’ अशी आहे. १९४१ ते १९४५ या काळात विलिस आणि फोर्ड या दोघांनी मिळून असे सहा लाखांहून अधिक ‘ट्रक’ बनवले. त्यांना दारे नव्हती, बाजूला काचा नव्हत्या आणि वायपर बहुधा हाताने फिरवावा लागे. यातला एखादा नग आज ज्याच्या अंगणात उभा आहे, त्या मालकाची तक्रार मात्र एकच असते: पुढच्या काचेच्या रबरातून पाणी येते. दोन्ही बाजूंनी सर आत शिरून मांड्या भिजल्या तरी त्याचे काही म्हणणे नसते. रबराखालून एक थेंब आला की त्याची झोप उडते. पुढील मार्गदर्शन अशाच निष्ठावंतांसाठी आहे.

आधी काच समजून घ्यावी. ती कायम उभी राहील असा कोणाचा बेतच नव्हता. बाहेरची चौकट तळाशी बिजागरीवर असते. दोन खटके सोडले की ती पुढे पडून बॉनेटवरच्या लाकडी ठोकळ्यांवर टेकते. आतली, काचेची चौकट वरच्या अंगाला बिजागरीवर. खालून ढकलली की वारा आत येतो. गाडी बुटकी दिसावी, उन्हात काच चमकून शत्रूला ठावठिकाणा कळू नये, हा त्यामागचा हिशेब. काच पाडून जाणाऱ्या जीपवाल्यांसाठी जर्मनांनी रस्त्यावर गळ्याच्या उंचीला तारा ताणायला सुरुवात केली, तेव्हा पुढच्या बंपरवर तार तोडणारा लोखंडी अँगल उभा राहिला. पाऊस अडवणे हे या काचेच्या कामांत बरेच खालच्या नंबरावर होते.

आता खरेदी. नवशिक्याचा पहिला हट्ट असतो ‘ओरिजिनल’ रबराचा. मेणकागदात गुंडाळलेली, लष्करी शिक्का असलेली, कोणीही न वापरलेली पट्टी सापडली की तो भाव विचारत नाही. पण रबर पडून राहिले म्हणून तरुण राहत नाही. हवेतला ओझोन त्याला गाठतोच, आणि विजेच्या मोटारीपाशी ठेवले असेल तर लवकर गाठतो. पाकीट उघडून पट्टी वाकवावी. कड्‌ आवाज आला तर ती काचेच्या कपाटात ठेवावी, काचेला लावू नये. आदर मात्र जरूर राखावा. १९४२च्या आरंभी मलाया आणि सिंगापूर जपानच्या हाती गेले आणि अमेरिकेचा नैसर्गिक रबराचा पुरवठा जवळजवळ आटला. त्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी लोकांकडून जुने रबर मागवले: बागेतल्या नळ्या, रबरी बूट, रेनकोट, पौंडाला एक सेंट दराने. टायर वाचावेत म्हणून देशभर ताशी ३५ मैलांची मर्यादाही आली. अशा दिवसांत कोणा जवानाने काचेच्या रबरातून थेंब आल्याची तक्रार गुदरली असती, तर सार्जंटने त्याला काय सुनावले असते याची कल्पना वाचकांनीच करावी.

म्हणून पट्टी नव्या काळातली, ईपीडीएम रबराची घ्यावी. ओझोन आणि ऊन ती चांगले सोसते. तेल, ग्रीस, पेट्रोल मात्र तिला सोसत नाही, ती फुगते. इथे महाराष्ट्रातल्या मालकाला एक मोह होतो. महिंद्रांनी मुंबईत १९४७ पासून विलिस जीप जोडायला सुरुवात केली, तेव्हा गल्लीतल्या गॅरेजात मिळेल तेच रबर बसेल, असे त्याला वाटते. बसत नाही. युद्धातल्या जीपला दोन काचा आणि मध्ये दांडी. पुढच्या सीजे-३ए या नागरी मॉडेलला एकच सलग काच. आपल्याकडे वर्षानुवर्षे धावलेल्या सीजे-३बीचे बॉनेट उंच, म्हणून काच बुटकी. माप घेऊनच दुकानाची पायरी चढावी.

बसवण्याच्या तीन जागा: काचेच्या कडेभोवती, दोन चौकटींच्या मध्ये आणि चौकटीच्या तळाशी, जिथे ती बॉडीच्या पत्र्याला टेकते. पहिल्या दोन धीराने उरकतात. तळाची पट्टी माणसाची परीक्षा घेते. आधी खाचेतला गंज तारेच्या ब्रशने काढावा, प्रायमर आणि रंग पूर्ण वाळू द्यावा. पट्टी उन्हात ठेवून मऊ करावी, खाचेला साबणाचे पाणी लावावे आणि एकाने सरकवत, दुसऱ्याने ओढत न्यावी. या क्षणी मिस्त्रीचा हात सवयीने ग्रीसच्या डब्याकडे जातो. डबा आधीच लपवलेला असावा. मदतनीस जोरकस असेल तर पट्टी ताणली जाते, टोकाला बोटभर शिल्लक उरते आणि सगळे खूश होऊन ती कापतात. रात्रीतून रबर आपल्या मूळ लांबीवर परत येते आणि सकाळी कोपऱ्यात फट दिसते. शिवाय ताणलेल्या रबराला भेगा लवकर पडतात, त्याही ताणाला आडव्या. तेव्हा पट्टी दोन्ही टोकांना किंचित जास्त सोडून, एक रात्र थांबून मगच कापावी.

बंद केबिनच्या ज्या ट्रकांना काच आणि पत्रा दोन्ही पकडणारे, दोन ओठांचे रबर असते, त्यांची तऱ्हा वेगळी. तिथे पत्र्याकडच्या खाचेत नायलॉनची दोरी भरतात, काच बाहेरून लावून एकाने तळव्याने दाबून धरायची आणि दुसऱ्याने आतून दोरी इंच इंच ओढायची. दोरी निघते तसा रबराचा ओठ पत्र्यावर उलटतो. पाहणाऱ्यांनी सूचना देऊ नयेत.

जीपची काच आता उभी करावी. नवे रबर जाड असल्याने खटके पोचत नाहीत, हे चांगले लक्षण समजावे. मात्र हातोडा घेऊ नये. दोन-चार दिवस खटके हलके अडकवून ठेवले की रबर बसते. मग वर्तमानपत्राची पट्टी रबराखाली अडकवून ओढून पाहावी. सहज सुटली तर तिथे फट आहे. फाटली तर मालकाने चहा सांगावा.

प्रदर्शनाच्या दिवशी गाडी नॉर्मंडीतली दिसावी म्हणून काच पाडून तिच्यावर कॅनव्हास टाकण्याची पद्धत आहे. अशा वेळी तळाची पट्टी उघडी पडते. गाडी सावलीत लावावी.