फ्लेक्स आधी, पोती मागून

(सप्तापूर, धारवाड. ऑगस्ट २०१९. राखीपौर्णिमा होऊन दोन दिवस झालेत.)

"वैनी, गॅस बारीक करा नि जरा इकडं या. कोपऱ्यावरचा टेम्पो बघितलात?"

"बघितला की! फ्लेक्स टेम्पोपेक्षा लांब. 'पूरग्रस्तांसाठी' बारीक अक्षरात आणि खाली अकरा मुंडकी."

"मोजलीतसुद्धा?"

"एका पोत्याला चौघं धरून फोटो चालले होते, अक्का. मोजायला सवड होती."

"हे काहीच नाही. इचलकरंजीकडं धान्याच्या पाकिटांवर मुख्यमंत्री फडणवीस आणि आमदार हाळवणकरांच्या फोटोंचे स्टिकर! मंत्री गिरीश महाजन तर बोटीतनं हसत हात हलवताना सगळ्या टीव्हीवर दिसले. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला पुरात बोट उलटून माणसं गेली हो."

"आपल्याकडं कर्नाटकात असल्या मंत्र्यांची भीती नाही. मंत्रिमंडळच झालेलं नाही, मुख्यमंत्री येडियुरप्पा एकटेच हिंडतायत. सेल्फीला तरी मंत्री हवेत ना!"

"पण खरं सांगू? स्टिकरवाला तांदूळही शिजतोच."

"शिजेल, पण कशावर? माझी नणंद शिरोळ तालुक्यात असते. घरात गुडघाभर गाळ. म्हणाली, तांदूळ पुरे झाला, खराटे, फिनेल आणि चटया पाठव. मग हळूच म्हणाली, पोरींसाठी पॅडपण. ते कुणाला मागायचं, म्हणून गप्प बसल्या होत्या."

"आमच्या माडीवरच्या क्लासवाल्या पोरींनी तेच गोळा केलं. आधी तिकडं फोन लावून विचारलं, मग दुकानात गेल्या."

"आणि स्टेटसला फोटो टाकला, तो मी बघितला."

"टाकू देत हो. तो बघून दुसऱ्या हॉस्टेलातनं चादरी आल्या. फोटोचा मला राग नाही, न विचारता दिलेल्याचा आहे. समोरच्या बाईंचंच बघा, मदतीसाठी माझ्याकडं केवढं गाठोडं दिलं! वरचीच साडी उचलली, तर फॉल निम्मा उसवलेला, पदराला इस्त्रीचं भोक. गाठोडं उपसलं, पण परकर एक नाही, ब्लाऊज एक नाही."

"अगबाई! मग साडी नेसायची कशी?"

"तेच विचारलं. तर म्हणतात, 'त्यांना चालतं हो.' "

"तुम्ही ठेवून घेतलंत?"

"छे! तस्संच बांधून त्यांच्या पायरीवर नेऊन ठेवलं. तेव्हापासून बोलणं बंद आहे. परवा नारळीभाताची वाटीसुद्धा नाही आली. दरवर्षी न चुकता यायची, लवंगा जरा जास्त असायच्या, पण यायची."